पेक्टिन पावडर आणि करवंदाचा फ्रीजर जॅम: तीन स्टार, तेही जांभळामुळे

करवंदाच्या जॅमसाठी पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट धरायला घालतात ती पावडर, मागवणार असाल तर जरा थांबा, आधी हे वाचा. मी मागवलं, 200 ग्रॅमचं पाकीट, ऑनलाईन. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण गोंधळात निम्मा वाटा माझा पण आहे.

झालं असं की परदेशातल्या एका बाईचा व्हिडिओ पाहिला, रानातल्या बेऱ्या आणल्या, चेचल्या, साखर आणि पेक्टिन घातलं, डब्यात भरून फ्रीजरमध्ये. फळ शिजवायचं नाहीच. मला ते फार पटलं कारण आमच्याकडे दरवर्षी करवंदाचा जॅम होतो आणि दरवर्षी माझी एकच तक्रार असते, आटवला की रंग काळपट होतो आणि तो करवंदाचा रानटी वास पार उडून जातो, वर वैशाखात गॅसपुढे तासभर उभं राहायचं ते वेगळंच. आणि खरं तर बिनशेगडीचं आपल्याला काय नवीन, रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवतो की, अमृत कोकम तसंच तर होतं. म्हटलं करवंदाचं का नाही.

आम्ही दापोली तालुक्यात, हर्णै-आंजर्ल्याच्या बाजूला. घरामागे सडा, म्हणजे कातळाचा माळ, सड्यावर करवंदीच्या जाळ्या. निम्मी करवंदं मी आणि भाचीनं काढली, म्हणजे मी काढली आणि ती एकेक फोडून कोंबडा का कोंबडी बघत खात बसली (आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी, ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी). उरलेली रस्त्यावर पानाचे द्रोण घेऊन बसतात त्या मावशींकडून. बागेतली मोठी करवंदं पण मिळतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण बोल्ड नावाची जात आहे, गर जास्त आणि काम कमी, पण मला जॅमला रानातलीच आवडतात. काढायची मात्र पाऊस पडायच्या आत, एकदा पाऊस लागला की अळ्या.

आता पावडर. पाकिटातल्या कागदावर लिहिलेलं, चार वाट्या गर, दीड वाटी साखर, पावडर घाला, ढवळा, अर्धा तास ठेवा, जॅम तयार. तसंच्या तसं केलं. आधी तर गुठळ्या झाल्या, साबुदाण्याएवढ्या, चमच्यानं दाबल्या तरी फुटेनात. अर्ध्या तासानं बघते तर पातळ. रात्रभर ठेवलं तरी पातळच. सासूबाई डोकावून म्हणाल्या, "काय गो, जॅम करत होतीस ना? सरबत छान झालंय." आणि खरंच ते सगळं पाणी घालून सरबत म्हणूनच संपवलं आम्ही.

मग जरा शोधलं तेव्हा कळलं की पेक्टिन एकाच जातीचं नसतं. एक असतं त्याला भरपूर साखर लागते, एकूण वजनाच्या निम्म्याहून जास्तच, साधारण 55 टक्क्यांच्या पुढं, आणि सोबत चांगला आंबटपणा, तरच ते धरतं. दुसरं कमी साखरेत चालतं पण त्याला कॅल्शियम लागतं. मला आलेलं पहिल्या जातीचं, आणि कागदावरची कृती भलत्याच पावडरची. पाकिटावर जात लिहिलेलीच नाही! एक स्टार तिथंच गेला. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, साखर वाढवून बघा. बरं बाबा.

गुठळ्यांची चूक मात्र माझी. पावडर आधी चार-पाच चमचे साखरेत कोरडीच मिसळायची, मग पाऊण वाटी पाण्यात घालून सतत ढवळत मिनिटभर खळखळ उकळायची आणि ते गरम पाणी कच्च्या गरात ओतायचं. दुसऱ्या वेळी असं केलं, दोन वाट्या गराला चार वाट्या साखर, हो दुप्पट, जुनी पद्धत तशीच आहे. एक दिवस बाहेर ओट्यावर झाकून ठेवलं आणि काय सांगू, धरला! रंग तर असा की डबा उजेडात धरला तर माणकासारखा. पण गोड किती, भाचीनं एक चमचा खाल्ला आणि पाणी मागितलं.

आता खरी गंमत. करवंदात स्वतःचंच पेक्टिन भरपूर असतं, हिरव्या कच्च्यात तर विचारू नका. मग विकतचं कशाला? म्हणून तिसऱ्या वेळी पावडर बाजूला ठेवली. मूठ-दोन मुठी हिरवी करवंदं घेतली, चीक असतो म्हणून चार पाण्यांनी धुतली (हाताला आधी खोबरेल लावा नाहीतर बोटं दोन दिवस चिकट), ठेचून पाण्यात दहा-पंधरा मिनिटं उकळली आणि गाळली, वाटीभर रस निघाला. त्यात अडीच वाट्या साखर घालून एकतारी पाक केला आणि जरा कोमट झाल्यावर पिकल्या करवंदांच्या दोन वाट्या न शिजवलेल्या गरात ओतला. सैलसर झाला, सुरीनं कापण्यासारखा नाही, पण भाकरीवर घातला तर ओघळत नाही, आणि चव करवंदाची, नुसती साखरेची नाही. गर काढायला मिक्सर लावू नका, बिया चिरडून कडवट होतं. पुरणयंत्रातून फिरवा, बिया आणि साली वर राहतात.

मग पावडरला तीन स्टार तरी का दिले? जांभळामुळे. जांभळाचा गर माझ्या हातून कधीच धरला नाही, दोन वर्षं पातळच झाला. या पावडरनं आणि दोन लिंबांच्या रसानं पहिल्यांदा नीट बसला, जांभळाच्या तुरटपणाला ती ढीगभर साखर झेपली पण. म्हणजे जांभूळवाल्यांनी घ्या, करवंदवाल्यांनी दोनशे-तीनशे रुपये वाचवा.

डब्यांचं. काचेची बरणी फ्रीजरमध्ये ठेवू नका, माझी एक तडकली. श्रीखंडाचे रिकामे प्लास्टिकचे डबे एकदम बेस्ट, फक्त वर बोटभर जागा सोडा, गोठताना फुगतं. फ्रीजरमध्ये वर्षभर जातो म्हणतात, आमच्याकडे तेवढा उरत नाही. बाहेर काढलेला डबा साध्या फ्रीजमध्ये तीनेक आठवड्यांत संपवायचा. वर तारीख आणि नाव लिहा, मी लिहिलं नाही आणि पाहुण्यांनी श्रीखंड समजून पुरीसोबत वाढून घेतलं.

आणि एक गोष्ट व्हिडिओत कोणी सांगत नाही, लाईट. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे लाईट किती दिवस नव्हती ते आठवलं तरी नको वाटतं, फ्रीजरमधलं सगळं टाकलं होतं. आटवलेला जॅम असल्या वेळी कपाटात निवांत बसतो, हा कच्चा आहे, दोन दिवस उकाड्यात राहिला तर आंबतो आणि झाकण फुगतं. म्हणून मी या वर्षी निम्मी करवंदं नेहमीसारखी आटवलीच, फ्रीजरमध्ये फक्त चार डबे.

पॅकिंगला शून्य मार्क. साधं पाकीट, एकदा कापलं की बंद होत नाही. कोकणातल्या पावसात मीठसुद्धा पाझरतं, ही पावडर तर आठवड्यात दगड झाली असती. मी डब्यात भरून त्यात तांदळाची पुरचुंडी टाकलीय, अजून तरी सुटी आहे, पुढच्या जांभळांना पुरेल.