परिचारिका पुरवठा सेवा : नाशिकमधील एका छोट्या रुग्णालयाचा अनुभव

मुंबई नाका परिसरातील आमच्या तीस खाटांच्या रुग्णालयासाठी आम्ही शहरातील एका खासगी संस्थेकडून ड्युटीप्रमाणे परिचारिका घेतो. रात्रपाळीची सिस्टर ऐनवेळी येऊ शकली नाही, तरी संध्याकाळी फोन केल्यास बदली सिस्टर हमखास मिळते, ही या सेवेची सर्वांत जमेची बाजू. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीची प्रत पहिल्याच दिवशी हाती येते. जीएनएम (परिचर्येची पूर्ण पदविका घेतलेली) सिस्टर सांगून एएनएम (छोटा, साहाय्यक परिचारिकेचा अभ्यासक्रम केलेली) सिस्टर पाठवण्याचा प्रकार (या व्यवसायात तो नवा नाही) आमच्याकडे घडलेला नाही.

अडचण वॉर्डात सुरू होते. दर वेळी नवी येणारी सिस्टर कितीही कुशल असली, तरी औषधांचे कपाट, क्रॅश ट्रॉलीची (आणीबाणीच्या औषध-साहित्याच्या गाड्याची) मांडणी आणि हँडओव्हरची (पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवण्याची) पद्धत तिला मुळापासून समजावून सांगावी लागते, आणि ते काम आमच्या कायम सिस्टरांच्या अंगावर पडते. शिवाय संस्थेचे बिल महिन्याच्या हिशेबाने कायम सिस्टरच्या पगारापेक्षा जास्त होते. इनचार्ज सिस्टरने एकदा विचारलेच, “सर, बाहेरच्यांसाठी पैसे निघतात, मग आमच्यासाठी का नाही?” प्रश्न रास्त होता. त्या बिलातले किती परिचारिकेच्या हातात पडतात, हे मात्र संस्था विचारूनही सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये देण्याची शिफारस केली होती, त्यामुळे ही माहिती मागण्यात काही गैर नाही.

बिलाचे काही पैसे आम्ही रात्रपाळीच्या भत्त्याकडे वळवले आणि पेठ, सुरगाणा या जिल्ह्यातल्या दूरच्या भागांतून आलेल्या आमच्या सिस्टरांना गावी जाता यावे म्हणून दोन साप्ताहिक सुट्ट्या जोडून घेण्याची मुभा दिली. या दुसऱ्या गोष्टीला काहीच खर्च आला नाही, पण राजीनामे कमी होण्यात तिचाच वाटा मोठा असावा. परिणामी संस्थेला फोन करण्याची वेळ आता क्वचित येते.

सव्वीस आठवड्यांच्या प्रसूती रजेसारख्या दीर्घ रजेसाठी ही सेवा घ्यावी, मात्र पूर्ण काळ एकच सिस्टर येईल, असे लेखी घ्यावे. करारातील आणखी एक कलम नीट वाचावे : संस्थेची सिस्टर रुग्णालयाने थेट नोकरीवर घेतल्यास भरपाई द्यावी लागते. वॉर्डात रुळलेल्या सिस्टरला कायम करण्याची वाटच त्यामुळे अडते, म्हणून नूतनीकरणापूर्वी हे कलम काढून टाकण्याची मागणी आम्ही केली आहे.