शांग-ची, आयर्न फिस्ट, डेअरडेव्हिल की कॅसँड्रा केन: मारामारीसाठी कुणाचं कॉमिक हाती घ्यावं?

सुपरहिरोंच्या माहितीत "अनेक मार्शल आर्ट्समध्ये पारंगत" ही ओळ इतक्या वेळा येते की निवड करताना तिचा काहीच उपयोग होत नाही. कागदोपत्री पारंगत असलेले कितीतरी नायक प्रत्यक्ष पानावर नुसते उजव्या हाताचे ठोसे हाणत असतात. "कोण कुणाला हरवेल" हा वादही इथे कामाचा नाही, कारण ते शेवटी लेखकाच्या हातात असतं. बघायचं ते एवढंच: लढत पानावर नीट कळते का, आणि नायक मार खातो तेव्हा तो का खाल्ला हे समजतं का. या कसोटीवर चार जण बाकीच्यांच्या पुढे आहेत. एकच काही घ्यायचं असेल तर 'द इमॉर्टल आयर्न फिस्ट'चे पहिले १६ अंक घ्या. पण कौशल्य म्हणजे नेमकं काय, याचा सगळ्यात खोल विचार कॅसँड्रा केनच्या 'बॅटगर्ल'मध्ये आहे, असं माझं ठाम मत आहे.

लढत कळते का हे तपासायला मारामारीचं कुठलंही पान उघडा आणि संवाद न वाचता फक्त पायांकडे बघा. वजन कुठल्या पायावर आहे? डावीकडचा माणूस पुढच्या चौकटीत कारण नसताना उजवीकडे गेलाय का? पोटात लाथ बसलेला माणूस त्याच दिशेला कोलमडतोय का? पाय चौकटीबाहेर कापलेले, मागे नुसत्या वेगरेषा आणि दर चौकटीत हवेतला नवा पवित्रा असेल, तर चित्रकाराने सुट्या पोझेस काढून एकापुढे एक लावल्या आहेत. असलं पान दिसायला देखणं असतं, पण दुसऱ्यांदा वाचावंसं वाटत नाही.

शांग-ची

अमेरिकेत कुंग फूची लाट आली तेव्हाचं हे पात्र. डिसेंबर १९७३च्या 'स्पेशल मार्व्हल एडिशन'च्या १५व्या अंकात स्टीव्ह एंगलहार्ट आणि जिम स्टार्लिन यांनी ते आणलं. १७व्या अंकापासून मालिकेचं नाव 'मास्टर ऑफ कुंग फू' झालं आणि १९८३मध्ये १२५व्या अंकावर ती थांबली. या सगळ्या काळात शांग-चीकडे कसलीही अद्भुत शक्ती नाही, आहे ते फक्त कमावलेलं शरीर. बंदूकधारी समोर असेल तर आधी अंतर कमी करावं लागतं, आणि ते कसं करायचं यावरच अर्धी लढत खर्च होते.

वाचायला सुरुवात डग मेंच आणि पॉल गुलेसी या जोडीपासून करा. गुलेसी एकच हालचाल तीन-चार अरुंद चौकटींत तोडून दाखवतो: हात उचलला, मनगट वळलं, समोरच्याची मान मागे गेली. ४५ ते ५० हे अंक या जोडीचं शिखर. पुढे जीन डे यानेही विलक्षण पानं काढली. त्याच्याकडे मागची खोली किंवा जिना अख्ख्या पानावर सलग पसरलेला असतो आणि चौकटी बदलतात तसा शांग-ची त्यातून पुढे सरकत जातो. लढणारा जागेत नेमका कुठे आहे, हे इतकं स्वच्छ फार थोड्या कॉमिक्समध्ये दिसतं.

अडचणीही आहेत. मजकूर भरपूर आहे. ठोसा बसत असताना वर चार ओळींचं चिंतन चालू असतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शांग-चीचा बाप इथे फू मांचू आहे. हे जुन्या कादंबऱ्यांतून हक्क घेऊन आणलेलं, आशियाई लोकांबद्दलच्या विकृत कल्पनांवर उभं असलेलं पात्र. चिनी पात्रांच्या कातडीला दिलेला पिवळट-नारिंगी रंगही खटकतो. त्या हक्कांच्या गुंत्यामुळे ही मालिका कित्येक वर्षं पुन्हा छापलीच गेली नाही. जाडजूड एकत्रित खंड २०१६पासून आले. हे नको असेल तर जीन लुएन यांग यांची २०२०ची मालिका घ्या. तिथे बापाचं नाव झेंग झू आहे, आणि त्याच्या संघटनेत लाठी, तलवार, खंजीर, हातोडा आणि मोकळा हात अशी पाच घराणी आहेत. समोर लाठी आहे की खंजीर, यावर अंतर बदलतं आणि लढतीचा ठेकाही. पुढे शांग-चीच्या हातात दहा कड्यांची शक्ती येते आणि निव्वळ कौशल्याची बाजू पातळ होते, म्हणून आधीचा भाग सरस.

आयर्न फिस्ट

डॅनी रँड, म्हणजेच आयर्न फिस्ट, मे १९७४च्या 'मार्व्हल प्रीमियर'च्या १५व्या अंकात आला. रॉय थॉमस आणि गिल केन यांची निर्मिती. कुन-लुन या गूढ नगरीत लेइ कुंगच्या हाताखाली तयार झालेला हा मुलगा शौ-लाओ नावाच्या ड्रॅगनशी लढून 'ची', म्हणजे शरीरातली ऊर्जा, मुठीत एकवटायची ताकद मिळवतो. शांग-चीपेक्षा इथे जादू जास्त आहे, पण ती फुकट नाही. मूठ पेटवायला एकाग्रता लागते आणि वापरली की तो गळून जातो. त्यामुळे चांगल्या लेखकाच्या हातात मूठ शेवटपर्यंत राखून ठेवलेली असते आणि त्याआधीची लढत साध्या हातापायांवर चालते. वाईट अंकांत ती तिसऱ्याच पानावर पेटते आणि मग पुढे बघण्यासारखं काही उरत नाही.

'द इमॉर्टल आयर्न फिस्ट' ही एड ब्रुबेकर आणि मॅट फ्रॅक्शन यांनी लिहिलेली मालिका. मुख्य चित्रकार डेव्हिड आहा. आहा मोठ्या चौकटीत पूर्ण हालचाल दाखवतो आणि मार जिथे बसला तेवढीच जागा छोट्या चौकटीत किंवा वर्तुळात वेगळी काढतो: कोपर, गुडघा, जबड्याचा कोपरा. नजर आपोआप योग्य क्रमाने फिरते. पहिल्या सहा अंकांत एक कथा पुरी होते, आणि ८ ते १४मध्ये सात नगरींच्या योद्ध्यांची स्पर्धा आहे. तिथे प्रत्येकाची लढायची ढब निराळी आणि डावांना नावंही आहेत. नायक असूनही डॅनी पहिल्याच लढतीत धिप्पाड फॅट कोब्राकडून हरतो. शरीराचा आकार, वेग आणि अनुभव यांना इथे वजन आहे हे तिथेच कळतं. १६व्या अंकानंतर लेखक बदलतात; २७व्या अंकाला मालिका संपते.

हे अंक फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचू नका. छोटी वर्तुळं मुख्य चित्रापासून तुटतात आणि क्रमच हरवतो. अख्खं पान एकदम दिसेल असा पडदा किंवा छापील प्रत हवी.

डेअरडेव्हिल

मॅट मर्डॉक, म्हणजेच आंधळा डेअरडेव्हिल, १९६४पासून आहे, पण मारामारीच्या दृष्टीने तो फ्रँक मिलरने घडवला. मिलर १५८व्या अंकापासून (१९७९) चित्रं काढू लागला आणि १६८पासून (१९८१) लिहूही लागला. त्याच अंकात मॅटची जुनी प्रेयसी, मारेकरी इलेक्ट्रा येते. मॅटचा गुरू स्टिक, तोही आंधळा, १७६मध्ये भेटतो. बाप मुष्टियोद्धा, म्हणून मॅटच्या लढण्यात बॉक्सिंगचा पाया दिसतो. त्यावर कसरती आणि हातातला दंडुका, जो तो भिंतीवर आपटून परत झेलतो.

समोरच्याच्या हृदयाचे ठोके ऐकून पुढचा वार ओळखणं हे त्याचं बळ, आणि तेच त्याचं दुखणं. प्रचंड आवाज झाला की त्याच्या इंद्रियांची दिशाच जाते. इथे लोक दमतात, जिन्यावरून पडतात, जखमा पुढच्या पानावरही असतात. मारेकरी बुलसाय आणि इलेक्ट्रा यांची १८१व्या अंकातली लढत (१९८२) त्यासाठी वाचाच. कमकुवत बाजू म्हणजे 'द हँड' या गुप्त संघटनेचे निन्जा: झुंडीने येतात आणि झुंडीनेच पडतात. समोर एकच तोडीचा माणूस असतो तेव्हा ही मालिका खुलते. शैलींचे बारकावे हवे असतील तर मात्र हे कॉमिक तुमच्यासाठी नाही.

कॅसँड्रा केन

कॅसँड्रा १९९९मध्ये 'बॅटमॅन'च्या ५६७व्या अंकात आली. लेखक केली पकेट, चित्रकार डेमियन स्कॉट. मारेकरी बाप डेव्हिड केन याने तिला भाषा न शिकवता वाढवलं. बोलण्याच्या जागी तिच्या मेंदूत हालचाल वाचण्याची क्षमता बसली. खांदा हलण्याआधी श्वास बदलतो, वजन मागच्या टाचेवर जातं, आणि तिला पुढचा वार कळतो. बंदुकीपुढेही ती टिकते, कारण ती गोळीकडे नाही, चालवणाऱ्याच्या शरीराकडे बघत असते.

मग पकेट एक धाडसी गोष्ट करतो. २०००मध्ये सुरू झालेल्या 'बॅटगर्ल'च्या सुरुवातीलाच एक टेलिपाथ (मनात शिरू शकणारा माणूस) तिच्या मेंदूत भाषा पेरतो आणि ते वाचणं नाहीसं होतं. ठोसा, लाथ, ताकद, वेग सगळं शाबूत, तरी ती मार खाऊ लागते, कारण बचाव तिला कधी शिकावाच लागला नव्हता. आठव्या अंकात लेडी शिवा ही निष्णात मारेकरी सौदा करते: गेलेलं कौशल्य परत शिकवीन, पण वर्षभराने मरेपर्यंत लढायचं. ती लढत २५व्या अंकात आहे. हे २५ अंक सलग वाचावेत. स्कॉटची चित्रं सगळ्यांना रुचणार नाहीत, हातपाय लांबट आणि पंजे मोठे असतात. पण हालचालीची रेषा कधी हरवत नाही. मालिका २००६मध्ये ७३व्या अंकावर थांबली. त्यानंतर लगेच तिला खलनायिका केलं गेलं, ते अंक खुशाल वगळा.

बाकीचे

बॅटमॅनला सगळंच येतं, त्यामुळे त्याच्या लढतीत शैली क्वचितच ठळक दिसते. अपवाद १९९३च्या 'नाइटफॉल'चा. खलनायक बेन आधी अर्कम या वेड्या गुन्हेगारांच्या इस्पितळातले सगळे कैदी मोकळे सोडतो, बॅटमॅनला त्यांच्यामागे धावून धावून पार थकू देतो आणि मगच 'बॅटमॅन' ४९७मध्ये त्याची पाठ मोडतो. टास्कमास्टर (१९८०) बघितलेली हालचाल जशीच्या तशी उचलतो, पण अतिमानवी ताकद त्याला उचलता येत नाही. इतर नायकांच्या ढबी ओळखू येऊ लागल्यावरच त्याची मजा कळते.

मार्शल आर्ट शिकण्याच्या प्रक्रियेत ज्यांना रस आहे त्यांनी डेनी ओनील आणि डेनिस कवन यांच्या 'द क्वेश्चन'चे (१९८७) पहिले दोन अंक मिळवावेत. पहिल्यात लेडी शिवा नायकाला लोळवते, मग गुंड त्याला बडवून, गोळी घालून नदीत फेकतात. दुसऱ्यात तो रिचर्ड ड्रॅगनकडे जाऊन मुळापासून शिकायला लागतो.