कार्ड गेम सुरू करायचाय: बूस्टर घ्यायचे की ठरलेला बॉक्स?

दोन्हीतला फरक बघायचा असेल तर नेटरनर बघा, कारण हा गेम दोन्ही पद्धतींनी विकला गेलाय. १९९६ ला रिचर्ड गारफिल्डने (मॅजिक: द गॅदरिंग हा कार्ड गेम बनवणारा तोच) बनवलेला नेटरनर बूस्टरमध्ये यायचा, आत काय निघेल ते पाकीट फोडल्यावरच कळणार. २०१२ ला फँटसी फ्लाइट कंपनीने तो अँड्रॉइड: नेटरनर म्हणून आणला तेव्हा तो ठरलेल्या बॉक्सच्या पद्धतीचा झाला: एका डेटा पॅकमध्ये (जादा कार्डांच्या पाकिटात) ठरलेली ६० कार्डं, २० वेगवेगळी आणि प्रत्येकाच्या ३ कॉपी, डेकमध्ये (खेळायच्या गड्डीत) चालतातही जास्तीत जास्त ३ च, म्हणजे एकदा पॅक घेतला की त्यातलं काही परत शोधत बसायला नको.

पण हे स्वस्त पडतं असं समजू नका हं. त्याच गेमच्या कोअर सेटमध्ये (सुरुवातीच्या मूळ बॉक्समध्ये) काही कार्डांची एकेकच कॉपी होती, त्यामुळे स्पर्धा खेळणारे लोक दोन-तीन कोअर घ्यायचे, आणि उशिरा आलेल्यासमोर पॅकचा ढीग उभा. अरखम हॉरर या अशाच ठरलेल्या बॉक्सच्या कार्ड गेमचा २०२१ चा नवा कोअर सेट मात्र बरा, एका बॉक्सात चौघं खेळतात.

आता बूस्टर. पोकेमॉनच्या पाकिटात १० कार्डं, मॅजिकच्या प्ले बूस्टरमध्ये खेळायची १४. एखादं ठरावीक रेअर कार्ड हवंय म्हणून पाकिटं फोडत राहायचं हे मला अजिबात पटत नाही. मी वर्षभर केलंय ते, डबल कार्डांनी बुटाचा खोका भरला पण एक धड डेक झाला नाही, शेवटी हवी ती कार्डं सुटी विकत घेतली तेव्हा कुठे खेळता आलं. बूस्टरची खरी मजा ड्राफ्टमध्ये! प्रत्येकी ३ पाकिटं, एक कार्ड ठेवायचं बाकीची शेजाऱ्याला द्यायची, मग त्यातूनच ४० चा डेक, तिथे सगळ्यांचं नशीब सारखंच पणाला लागतं. सहा-आठ जणांचा ग्रुप असेल तर डोळे मिटून बूस्टर घ्या.

घरी दोघंच असाल तर ठरलेला बॉक्स. लहान मुलांसाठी पोकेमॉनचा तयार ६० कार्डांचा बॅटल डेक, स्टेशनरीच्या दुकानातली ती सोनेरी चकचकीत कार्डं नकोत, ती नकली असतात.

आणि नेटरनरच आवडला तर, २०१८ ला फँटसी फ्लाइटने तो बंद केल्यावर चाहत्यांनी पुढे चालवलाय, नल सिग्नल गेम्स नावाने. त्यांच्या प्रिंट करायच्या फाइल्स फुकट आहेत, आधी घरी छापून दोन-चार डाव खेळा.