बोटॅनिकल इलस्ट्रेशनचा वर्ग: शिकवणं उत्तम, भिंग बोगस

वनस्पतींची अचूक चित्रं काढायला शिकवणाऱ्या वर्गाच्या किटमधल्या भिंगावर ‘३० एक्स, २१ मिमी’ असं छापलेलं आहे, म्हणजे तीस पट मोठं दाखवणारं, २१ मिलिमीटर व्यासाचं. ते ३० एक्स नाही. दहासुद्धा नाही. हे रागाने म्हणत नाही, मोजून म्हणते आहे. कसं मोजलं तेही सांगते, कारण अगदी असंच भिंग तुमच्याही किटमध्ये निघण्याची दाट शक्यता आहे.

वर्गाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुण्यात असे वर्ग आता बरेच चालतात आणि ज्यांनी चौकशी केली असेल त्यांना आराखडा माहीत असतो: शनिवारी सकाळी टेकडीवर किंवा बागेत झाडं ओळखायची, मग टेबलाशी बसून त्यातलंच एक काढायचं. शिकवायला दोघं. वनस्पतिशास्त्राचे सर कॉलेजातून निवृत्त झालेले, आणि चित्रकलेच्या मॅडम. आयोजक तिसरेच, हे लक्षात ठेवा. फी वेगळी आणि ‘स्टार्टर किट’चे ३,८०० रुपये वेगळे, सक्तीचे. माझा जन्म बँकेत गेला, त्यामुळे सक्तीचं काही दिसलं की मी आधी यादी मागते. आयोजकांकडचा मुलगा म्हणाला, “काकू, सरप्राइज आहे.”

सरप्राइज असं: शाळकरी दर्जाचा बारा वड्यांचा रंगसंच, केस गळणारे तीन सिंथेटिक ब्रश, एक पेन्सिल, ए-फोर आकाराचे थोडे कागद आणि भिंग. कागद खरखरीत, म्हणजे कोल्ड प्रेस. या कामाला गुळगुळीत हॉट प्रेस लागतो, कारण पानाची शीर एका केसाच्या जाडीने ओढायची असते आणि खरखरीत कागदावर ती रेष तुटते. मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळ्यांचे कागद बाजूला ठेवायला लावले आणि स्वतःच्या गठ्ठ्यातला एकेक दिला. आयोजक तेव्हा चहाचं बघत होते. कागदाचं मी सोडून दिलं, कारण त्यावर निदान कच्ची रेखाटनं होतात. भिंगाचं सोडवत नाही.

माझे दीर फिजिक्स शिकवायचे. त्यांनी सांगितलेली रीत अशी. खिडकीसमोरच्या भिंतीपाशी भिंग धरायचं आणि मागेपुढे करत राहायचं. एका अंतरावर समोरच्या इमारतीचं उलटं, चिमुकलं, स्वच्छ चित्र भिंतीवर उमटतं. तेवढं अंतर पट्टीने मोजायचं. २५० मिलिमीटरला त्या अंतराने भागलं की भिंग किती पट मोठं दाखवतं ते कळतं. माझं अंतर आलं ६ सेंटिमीटर. म्हणजे चार पटीच्या जरासं वर. खरं ३० एक्स असतं तर ते अंतर जेमतेम ८ मिलिमीटर भरलं असतं आणि फुलाला नाक टेकवून बघावं लागलं असतं. दिरांनी पुढे आणखी एक हिशोब मांडला, तो मला फार आवडला. साध्या काचेची २१ मिलिमीटर व्यासाची अख्खी गोटी घेतली, तरी ती सोळाच्या आसपासच पट मोठं दाखवते. गोटीपेक्षा फुगीर काच कुठून आणणार? म्हणजे एवढं रुंद, एकाच काचेचं ३० एक्स भिंग साध्या काचेत होऊच शकत नाही. छापणाऱ्याने फक्त मोठा आकडा छापला आहे.

हे सगळं मी व्हॉट्सॲपवर फोटोसकट पाठवलं. उत्तर आलं, “काकू, ते स्टँडर्ड किट आहे.” मी म्हटलं, अरे बाबा, स्टँडर्ड असेल, पण खोटं आहे. मग बदली भिंग आलं. तेच, फक्त डबी निळी. मी पुन्हा मोजलं, पुन्हा ६ सेंटिमीटर. नंतर मात्र ‘गुडविल म्हणून’ एक कापडी पिशवी घरी आली, तिच्यावर पळसाची फांदी छापलेली, आणि त्या पळसाला पाच-पाच पानं. झाडं ओळखायला शिकवणाऱ्या वर्गाची पिशवी! कोकणात जा नाहीतर विदर्भात, पळसाला पाने तीनच, हे ज्याने आयुष्यात कधी पळस बघितला नाही त्यालाही माहीत असतं. पिशवी मी भाजीला वापरते. मंडईत अजून कुणी हटकलं नाही, पण हटकेल.

इथपर्यंतचा मजकूर जुलैतला आहे. दोन तारे देऊन मी मोकळी होणार होते. त्यानंतर मत बरंच सरकलं. भिंगाबद्दल नाही, वर्गाबद्दल.

सुरुवात सरांपासून करते. त्या पाच पानी पळसाची पिशवी मी त्यांना दाखवली. ते हसले नाहीत, उलट त्यावरच अर्धा तास घेतला. पळसाची ती तीन पानं म्हणजे मुळात एकच संयुक्त पान आणि त्याच्या तीन पर्णिका, म्हणजे त्या एका पानाचेच सुटे भाग. कसं ओळखायचं? देठाच्या बेचक्यात कळी आहे का बघायचं. पानाच्या बेचक्यात कळी असते, पर्णिकेच्या बेचक्यात कधीच नसते. मग आम्हाला कढीपत्त्याची फांदी देऊन विचारलं, यातलं पान कुठलं? निम्मा वर्ग चुकला. त्याच कढीपत्त्याचं पान उजेडात धरायला लावलं, तर त्यात बारीक पारदर्शक ठिपके. त्या तेलाच्या ग्रंथी. लिंबाला त्याच, बेलालाही त्याच, कारण तिघं एकाच कुळातली. इतकी वर्षं फोडणीत टाकते आहे, उजेडात कशाला धरणार!

दुसरा धडा कुड्याचा. माझ्या मते अख्ख्या फीची वसुली त्या एका सकाळी झाली. पांढरा कुडा आणि काळा कुडा, दोन्हीला पांढरी फुलं, समोरासमोर पानं, तोडलं की चीक. काष्ठौषधीच्या दुकानात एकाच्या बिया कडू इंद्रजव म्हणून मिळतात आणि दुसऱ्याच्या गोड इंद्रजव म्हणून, आणि त्यांची सरमिसळ होते ही जुनी तक्रार आहे. सरांनी दोन्हींच्या डहाळ्या टेबलावर ठेवल्या आणि नावं न सांगता म्हणाले, काढा. काढताना दिसायला लागलं. काळ्या कुड्याच्या फुलात पाकळ्यांच्या मुळाशी झालरीसारखी खवल्यांची माळ असते आणि मधून परागकोशांचा टोकदार सुळका बाहेर आलेला असतो. पांढऱ्या कुड्यात झालर नाही, सुळका नाही. परागकोश नळीत खाली लपलेले, नळी उभी चिरल्याशिवाय दिसत नाहीत. शेंगा दोघांच्या जोडीने लोंबतात, पण काळ्याच्या दोन शेंगा कोवळ्या असताना टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात. हे फोटोत का कळत नाही तेही त्या दिवशी उमगलं. फोटोत एका वेळी एकच गोष्ट नीट दिसते, आणि फूल व पिकलेली शेंग एका दिवशी हाताला लागत नाही. चित्रात मेमधलं फूल आणि थंडीतली शेंग एकाच कागदावर येते, शेजारी चिरलेली नळीही येते. वनस्पतीच्या नव्या जातीची नोंद छापताना आजही सोबत असं रेखाचित्र देतात ते यामुळेच. वाळवून चिकटवलेल्या नमुन्याचा रंग उडतो आणि फूल दाबून चपटं होतं. मग फूल जिवंतपणी कसं होतं हे चित्रालाच सांगावं लागतं.

बहाव्याचं सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. दर उन्हाळ्यात पिवळं झुंबर म्हणून सगळे त्याचे फोटो काढतात. पुंकेसर किती, असं विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. दहा. त्यातले तीन लांब आणि कमानीसारखे वळलेले, चार मध्यम, तीन अगदीच खुजे. मॅडमनी डिव्हायडरने प्रत्येकाची लांबी मोजून घ्यायला लावली आणि अंदाजाने काढलेलं पहिलं चित्र परत दिलं. मॅडम कडक आहेत. प्रकाश नेहमी डावीकडून वरून, हिरवा रंग तयार वडीतून घ्यायचा नाही, निळ्यात पिवळा मिसळून आपला आपण करायचा, आणि पांढरं फूल पांढऱ्या रंगाने काढायचं नाही, त्याच्या सावल्या काढायच्या. मोगऱ्यावर माझे तीन कागद गेले. ते कागद मॅडमचे होते, म्हणून मुकाट्याने काढले.

भिंगाचा राग काहीसा उतरला तोही मॅडममुळेच. मला वाटत होतं, भिंग खोटं म्हणजे चित्राशेजारचा ‘×१०’ही खोटा ठरणार. तसं होत नाही. तो आकडा भिंगावरून येत नाही, पट्टीवरून येतो. परागकोश आलेखाच्या कागदावर ठेवून मोजायचा, २ मिलिमीटर भरला आणि आपण तो २० मिलिमीटरचा काढला की ×१०. भिंगाचं काम फक्त दाखवण्याचं. पण दाखवायला तरी नीट नको का? जास्वंदाच्या कुळातल्या झाडांच्या पानांवर चांदणीच्या आकाराची लव असते. सरांच्या १० एक्स भिंगातून मला तिचे किरण मोजता आले. माझ्या ‘३० एक्स’मधून नुसता पांढरा भुरका, आणि कडेला निळी-जांभळी किनार. शेवटी लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानातून तीन काचा जोडलेलं १० एक्स घेतलं, हजाराच्या थोडं पुढे गेलं. भिंतीवर मोजलं, २५ मिलिमीटर. बरोबर दहा. दुकानदार बघतच राहिला, कारण मी दुकानातच मोजलं.

एक गोष्ट किटच्या माहितीपत्रकात असायला हवी होती आणि नाही: भिंग डोळ्याला टेकवून धरायचं आणि फूल जवळ आणायचं. हात लांब करून फुलावर भिंग धरलं की काही दिसत नाही, मग लोक म्हणतात भिंग बेकार. माझं दोन्ही रीतींनी बेकार होतं. आता औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचायला ते देवघराजवळ ठेवलं आहे.

आयोजकांबद्दल आणखी एक तक्रार, लहानशी. पहिल्या दिवशी त्यांनी परदेशी चित्रकारांच्या चित्रांची झगझगीत स्लाइड दाखवली. इथलं काही नाही. सरांनी मग चहाच्या वेळी सांगितलं, की आपल्या दापोडीला १८३० आणि १८४०च्या दशकांत सरकारी वनस्पती उद्यान होतं, अलेक्झांडर गिब्सन त्याचा प्रमुख. तिथल्या झाडांची चित्रं १८४७ ते १८५०च्या दरम्यान एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराने काढली. चित्रं एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवली आहेत, चित्रकाराचं नाव मात्र कुठेच नोंदलेलं नाही. आणि मुंबई इलाख्याची फ्लोरा, म्हणजे तिथल्या झाडांच्या वर्णनांचा ग्रंथ, जिच्यातल्या किल्ल्या (एकेक लक्षण तपासत नावापर्यंत नेणारे तक्ते) लावून आम्ही झाडं ओळखायला शिकलो, ती १९०१ ते १९०८ या काळात लिहिणारे थिओडोर कुक पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राचार्य होते. झाडांचं वेड असलेला इंजिनिअर! हे स्लाइडवर टाकायला काय खर्च आला असता?

पावसाळ्यात घरी काम करणाऱ्यांसाठी थोडं. तोडलेलं फूल स्टीलच्या डब्यात ओल्या पंचात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत तग धरतं. तेरडा धरत नाही, तो तिथेच बसून काढा. रंगाच्या वड्यांना बुरशी येते, डबी बंद करण्याआधी पूर्ण वाळू द्या. कागद हवेतल्या ओलीने फुगतो, पाटाला चिकटपट्टीने चारी बाजूंनी ताणून लावा. कंदीलपुष्प दिसलं तर सर तोडू देत नाहीत, गुडघे टेकून जागच्या जागी काढायला लावतात. ते बरोबरच आहे, त्यातल्या कितीतरी जाती सह्याद्रीखेरीज कुठे नाहीत. फक्त गुडघ्याखाली घ्यायला पोतं न्या.

आता तारे. सरांना पाच. मॅडमना पाच, कागदाचे वेगळे धरले तर सहा. किटला शून्य. आयोजकांना एक, तोही चहा वेळेवर असायचा म्हणून. सरासरी काढू नका, ती फसवी येते.

दुसऱ्या टप्प्याला मी नाव घातलं आहे, पण आधी ईमेलवर लेखी घेतलं, की किट घेणार नाही आणि त्याचे पैसे भरणार नाही. बऱ्याच ईमेलनंतर ‘ओके काकू’ आलं. ते छापून फाईलला लावलं आहे. तुम्ही घेणार असाल तर मे-जूनमध्ये सुरू होणारी बॅच घ्या, हिवाळ्याची नको. हिवाळ्यात टेकडी वाळलेली असते, मग बागेतली शेवंती आणि झेंडू काढत बसावं लागतं. आणि जाताना खिशात पट्टी असू द्या.