नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर : पैसा कोणी दिला आणि कशासाठी

अमेरिकेतील उजव्या विचारांच्या संस्था खाजगी धर्मादाय प्रतिष्ठानांच्या पैशावर कशा उभ्या राहिल्या, हे वरूडसारख्या तालुक्याच्या गावी बसून कागदोपत्री तपासायचे असेल, तर प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेची ‘नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर’ ही तिथल्या ना-नफा संस्थांची करविवरणपत्रे दाखवणारी मोफत ऑनलाइन सेवा फार उपयोगी आहे. आमच्या अभ्यासिकेत राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबर मी ती नेहमी वापरतो.

अमेरिकेच्या कायद्यानुसार अशा प्रतिष्ठानाला निवडणुकीत कोणाचा प्रचार करता येत नाही, मालमत्तेच्या साधारण 5 टक्के रक्कम दरवर्षी खर्ची घालावी लागते आणि देणग्यांची यादी करविवरणपत्रात जाहीर करावी लागते. विचारांचा प्रसार मात्र ‘शिक्षण’ आणि ‘संशोधन’ या सदरांत बिनबोभाट बसतो. उजव्या संस्थांना पैसा पुरवणाऱ्या मिलवॉकी शहरातील ब्रॅडली फाउंडेशनचे विवरणपत्र उघडले, की संस्थेचे नाव, हेतू आणि रक्कम अशा नोंदी पानोपानी दिसतात, आणि हेतूच्या जागी ‘सर्वसाधारण कामकाजासाठी’ एवढेच पुन्हा पुन्हा आढळते. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. आपल्याकडे देणगी म्हटली की खोली बांधायची आणि वर दात्याच्या नावाची पाटी लावायची. या मंडळींनी पगार आणि भाड्यासाठी वर्षानुवर्षे पैसा पुरवला. संत्र्याची कलमे लावणारा पहिल्या बहारासाठी चार-पाच वर्षे थांबतो, तसा धीर त्यांनी धरला. अशाच विचाराच्या ऑलिन फाउंडेशनने 2005मध्ये कारभार आटोपण्यापूर्वी नामांकित विद्यापीठांत ‘कायदा आणि अर्थशास्त्र’ हा, कायदे अर्थशास्त्राच्या नजरेने तपासणारा अभ्यास रुजवला आणि 1982मध्ये स्थापन झालेल्या फेडरलिस्ट सोसायटी या उजव्या विचारांच्या कायदेतज्ज्ञांच्या संघटनेला आर्थिक बळ दिले; तिच्या वर्तुळातील न्यायाधीश आज तिथल्या सर्वोच्च न्यायालयात बसतात.

शोध उलट्या दिशेनेही घेता येतो : हेरिटेज फाउंडेशन या उजव्या धोरण-संशोधन संस्थेचे नाव टाकावे आणि तिला कोणी पैसे दिले ते इतरांच्या विवरणपत्रांतून काढावे. (डाव्या-उदारमतवादी कामांना पैसा देणारे फोर्ड फाउंडेशनही याच तपासणीतून सुटत नाही, हे बरेच आहे.) मात्र 1999पासून चालणाऱ्या डोनर्सट्रस्टसारख्या मध्यस्थ निधीपाशी माग तुटतो, कारण तो कोणाला देतो ते दिसते, पण त्याच्याकडे पैसा कोणी ठेवला ते गुलदस्त्यातच राहते. हा दोष सेवेचा नव्हे, कायद्यातील पळवाटेचा आहे.

सारे इंग्रजीत असल्याने नवख्या विद्यार्थ्याजवळ कोणी जाणकार बसलेला बरा. विद्यार्थ्याने आकड्यांचा गोषवारा सोडून थेट देणग्यांच्या यादीपासून वाचायला घ्यावे.