डार्कटेबलमध्ये सिंहगडची पहिली रॉ फाइल: दोन आठवडे वापरून काय वाटलं

गेली चार वर्षं माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे आणि चारही वर्षं मी फक्त जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच तयार करून दिलेला फोटो, काढत आलो. तळजाई, वेताळ टेकडी, पावसाळ्यात ताम्हिणी, सगळं जेपेग. रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेला सगळा कच्चा माल ठेवणारी फाइल, काढायची ती लग्नाचे फोटो काढणाऱ्या लोकांनी, आपल्याला काय करायचंय, असं डोक्यात बसलेलं. मग सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड चढलो, आणि त्याआधीच्या रात्री सहज म्हणून कॅमेऱ्यात रॉ प्लस जेपेग सेटिंग करून ठेवलं होतं. त्या एका सेटिंगमुळे पुढचे दोन आठवडे रोज रात्री जेवण झाल्यावर मी लॅपटॉपसमोर बसलोय, आणि ज्या सॉफ्टवेअरसमोर बसलोय त्याच्याबद्दल हे लिहितोय.

सॉफ्टवेअर म्हणजे डार्कटेबल, रॉ फाइलवर काम करून तिचा फोटो बनवायचं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००९ पासून चालू आहे, आणि जगभरातले लोक आपापल्या वेळात ते बनवतात. आधी लिनक्सवाल्यांचं होतं, पण २०१७ च्या शेवटापासून विंडोजवरही मिळतं. दर महिन्याला पैसे भरायचे नाहीत हे माझ्यासाठी मोठं कारण होतं, कारण हा छंद आहे, यातून मला एक रुपया मिळत नाही.

आता फोटोबद्दल सांगतो म्हणजे पुढचं कळेल. कल्याण दरवाजाच्या बाजूला उभं राहिलं की समोर राजगड, त्याच्या उजव्या हाताला तोरणा. खाली दरीत धुकं भरलेलं, त्यावर नुकतं ऊन पडलेलं त्यामुळे ते पांढरंशुभ्र, आणि माझ्या पायाशी उतारावर सोनकी फुललेली, पण ती अजून गडाच्या सावलीत. म्हणजे एकाच फ्रेममध्ये लख्ख उजेडही आणि गच्च सावलीही. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८. धुकं जळू नये, म्हणजे नुसतं कोरं पांढरं होऊ नये, म्हणून एक्स्पोजर मुद्दाम कमी ठेवलं. जेपेगमध्ये धुकं छान आलं आणि सोनकी जवळजवळ काळी. डोळ्यांना तर ती पिवळी स्वच्छ दिसत होती!

रॉ उघडल्यावर पहिला धक्का बसतो तो हा की फोटो फिका दिसतो. डार्कटेबलच्या लाइटटेबलमध्ये, म्हणजे जिथे सगळे फोटो मांडून दिसतात तिथे, सुरुवातीला रंगीत छान दिसतो आणि डबल क्लिक करून डार्करूममध्ये नेला की रंग उतरतात. मला वाटलं काहीतरी बिघडलं, दोनदा सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. बिघडलेलं काहीच नव्हतं. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला एक जेपेग असतो, आधी दिसतो तो तोच. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर आपण बघतो तोही तोच, आणि तिथला हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, सुद्धा त्याच जेपेगचा असतो, त्यामुळे कॅमेरा "जळलं जळलं" म्हणून लुकलुकत असतो तेव्हा रॉमध्ये बऱ्याचदा थोडी जागा शिल्लक असते. हे मला चार वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं.

आणि फिका का, तर सेन्सरने मोजलेला उजेड आणि आपण बघतो तो फोटो यांच्यामध्ये कुणीतरी ठरवावं लागतं की किती कॉन्ट्रास्ट, कुठला पांढरा, किती रंग. जेपेगमध्ये ते कॅमेरा ठरवतो आणि उरलेलं फेकून देतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, माझ्या कॅमेऱ्याच्या १४ बिट रॉमध्ये १६,३८४. सोनकी सावलीतून वर काढायची तर या पायऱ्या लागतात. मी हट्टाने जेपेगवर पण तेच करून पाहिलं, सावली उचलली तर गवतात डाग डाग आले आणि पिवळ्याचा चिखल झाला. रॉमध्ये त्याच जागी पाकळ्या वेगवेगळ्या दिसायला लागल्या. ते पहिल्यांदा झालं तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते आणि मी एकटाच टेबलावर हात आपटला.

हे काम केलं टोन इक्वलायझर नावाच्या मॉड्यूलने, म्हणजे डार्कटेबलमधल्या एका हत्याराने, आणि माझ्या मते फक्त त्याच्यासाठी सुद्धा डार्कटेबल टाकून बघावं. गाण्याच्या इक्वलायझरसारखंच आहे, तिथे बेस ट्रेबल तसं इथे अंधार, मध्यम, उजेड असे नऊ टप्पे, जो टप्पा उचलायचा तो उचला. त्याआधी मास्क, म्हणजे फोटोचा कुठला भाग कुठल्या टप्प्यात येतो याचा नकाशा, नीट बसवावा लागतो, तेवढं शिकायला मला तीन संध्याकाळी गेल्या, आणि मास्क न बसवता स्लायडर ओढले तर सगळ्या डोंगराभोवती पांढरी कड येते ती फार घाण दिसते. बाकी क्रम माझा असा बसलाय की आधी एक्स्पोजर वाढवून पायाशी असलेलं गवत आणि मधला भाग नीट दिसेपर्यंत आणायचं, धुकं तेवढ्यापुरतं जळालेलं दिसलं तरी घाबरायचं नाही, मग सिग्मॉइड नावाच्या मॉड्यूलने तो उजेड परत आवाक्यात येतो. लेन्स करेक्शन (लेन्सचे दोष काढणं) आणि डिनॉइज (फोटोतले दाणे काढणं) एकेका क्लिकची कामं, माझी साधी १८-५५ किट लेन्स त्याने बरोबर ओळखली. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असे रंग जुळवणं, मात्र कलर कॅलिब्रेशनमध्ये करायचा, व्हाइट बॅलन्स नावाच्या मॉड्यूलमध्ये नाही, दोन्हीकडे हात लावला की लाल अक्षरात इशारा येतो. हे नावांचं प्रकरण नवीन माणसाला खरंच त्रासाचं आहे. मॉड्यूल ढिगाने आहेत, एकच गोष्ट तीन ठिकाणी करता येते आणि कुठली जुनी, कुठली नवी हे बघून कळत नाही. मी शेवटी सात मॉड्यूल निवडून बाकीच्यांकडे बघणंच सोडलं, तेव्हा कुठे जरा शांतता मिळाली.

हेझ रिमूव्हल, म्हणजे धुकं-धुरकं काढणाऱ्या मॉड्यूलबद्दल वेगळं लिहायलाच हवं. मला वाटत होतं लँडस्केप म्हटलं की हे लावायचंच. लावलं, राजगडाची बालेकिल्ल्यापर्यंतची धार कापून ठेवल्यासारखी दिसायला लागली, आणि फोटोमधली सकाळ गेली. धुक्यामुळेच तर राजगड लांब वाटतो, तोरणा त्याहून लांब वाटतो. ते पुसलं की दोन्ही गड एकाच पुठ्ठ्यावर चिकटवल्यासारखे दिसतात. मग कळलं की तोच स्लायडर उलट्या बाजूला नेला तर धुकं वाढतं सुद्धा. शेवटी मी ते मॉड्यूल बंदच ठेवलं.

रंगांचंही तसंच. पहिल्या आठवड्यात मी हिरवा भरपूर वाढवला होता आणि मला तो फार आवडलाही होता. बाबांना दाखवला. बाबा लहानपणी दर रविवारी सिंहगड चढलेले, त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "अरे सप्टेंबर संपताना गवताच्या टोकांना पिवळी झाक यायला लागते, ती कुठे गेली?" मी मूळ फाइल उघडली, झाक होती, मीच घालवली होती. डार्कटेबलचं हे मला सगळ्यात पटलं की मूळ फाइलला ते हातच लावत नाही, तुम्ही केलेलं सगळं शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे डावीकडच्या हिस्ट्रीत मागे जाऊन मी फक्त रंगाची पायरी बदलली, बाकी सगळं जसंच्या तसं. रॉ फोल्डरमधून हलवताना ती एक्सएमपी पण सोबत न्या, आणि शक्यतो हलवाहलव डार्कटेबलमधूनच करा, बाहेरून हलवलं की त्याला फोटो सापडत नाही आणि फोटोच्या जागी कवटीचं चित्र येतं.

लॅपटॉप माझा साधा आहे, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एकेक रॉ २०-२५ एमबीची. एवढ्यावर चालतं, पण डिफ्यूज ऑर शार्पन हे बारकावे ठळक करणारं मॉड्यूल लावलं की प्रत्येक झूमला थांबावं लागतं, म्हणून ते मी सगळ्यात शेवटी लावतो. ज्यांना इतकं खोलात जायचंच नाही, कॅमेऱ्याचेच रंग ठेवून थोडंसं उजळ करायचंय, अशा निकॉनवाल्यांनी निकॉनचंच एनएक्स स्टुडिओ वापरावं, तेही फुकट आहे आणि सुरुवात कॅमेऱ्याच्या रंगांपासून होते, माझ्यासारखा धक्का बसणार नाही. डार्कटेबल त्यांच्यासाठी ज्यांना दोन आठवडे रोज तासभर बसायची तयारी आहे.

मग प्रिंट. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल, १२ बाय १८ इंचाला भरपूर होतात. एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत जेपेग काढून पेठेतल्या एका लॅबमध्ये दिला, प्रिंट आली ती अंधारी, सोनकी परत सावलीत गेलेली. लॅबची काही चूक नव्हती, मी रात्री अंधाऱ्या खोलीत स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून बसत होतो त्यामुळे फोटो मला आहे त्यापेक्षा उजळ दिसत होता. आता ब्राइटनेस निम्म्यावर आणलाय, खोलीत दिवा लावून बसतो, शेजारी पांढरा कागद ठेवतो आणि स्क्रीनचा पांढरा साधारण त्या कागदाइतकाच उजळ दिसेल असं बघतो. एक्स्पोजर थोडं वाढवून दुसरी प्रिंट काढली, ती बरोबर आली. ती आता बाबांच्या खोलीत लावलीये.

ताम्हिणीचे जुने जेपेग पण काढून बसलो होतो, धबधब्याचा पांढरा सपाट जळालेला आहे, त्यातून काहीच परत येत नाही. त्यासाठी पुढच्या जुलैमध्ये परत जावं लागेल.