ओट्याजवळचा सॉकेट: भिंतीत की ओट्यात?

भिंतीवरची टाइल अखंड दिसावी म्हणून अनेक घरमालक ग्रॅनाइटच्या ओट्यातून वर येणारा पॉप-अप सॉकेट मागतात; वायरमन मात्र ओट्याच्या वीतभर वर, भिंतीतल्या बोर्डाचाच आग्रह धरतो. पॉप-अप देखणा खरा, पण ओट्यावर पाणी ओतून तो धुण्याची आपली सवय पाहता ओल त्याच फटीत उतरण्याची भीती असते. शिवाय तो ६ अँपिअरचा असेल, तर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेणारी २००० वॉटची इंडक्शन शेगडी त्यावर चालवता येत नाही. भिंतीतला १६ अँपिअरचा सॉकेट हा भार सहज पेलतो, आणि टाइलच्या रंगाची प्लेट लावली तर डोळ्यांना फारसा खुपतही नाही. आर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) दोन्हीकडे हवीच. पॉप-अपचा हट्टच असेल, तर तो मिक्सरपुरता, सिंकपासून दूरच्या कोपऱ्यात बसवावा.